जुनी पिकअप बंद पडण्याआधी काय सांगते: देखभाल आणि बिघाड शोधण्याची रीत

दहा-बारा वर्षं जुनी डिझेल पिकअप ज्यांच्या दारात उभी आहे आणि त्या गाडीवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या जुन्नर भागात टोमॅटोचा हंगाम आला की संध्याकाळी साठ क्रेट भरायचे, रात्री माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला गाडी लावायची, हा क्रम. एका क्रेटला साधारण २० किलो धरले तरी १२०० किलो माल पाठीवर असतो. अशा वेळी गाडी घाटात तीन तास उभी राहिली, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हुकलेला बाजार जास्त महाग पडतो.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जुनी गाडी एकाएकी फार कमी वेळा बंद पडते. आठवडा-दोन आठवडे आधीपासून ती काहीतरी सांगत असते: खाली पडलेला थेंब, सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) लागणारा जास्तीचा वेळ, बदललेला आवाज. ते ऐकायची सवय लागली आणि पार्ट बदलण्याआधी कारण शोधायची शिस्त लागली, तर जुनी गाडी अजून बरीच वर्षं इमानानं चालते.

सकाळची दहा मिनिटं

तपासणी गाडी थंड असताना करायची, सुरू करायच्या आधी. रात्री इंजिनखाली आणि गिअरबॉक्सखाली पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा सरकवून ठेवा. सकाळी तो ओढून बघितला की अर्धी माहिती तिथेच मिळते. काळा डाग इंजिन ऑइलचा. घट्ट, उग्र वासाचा डाग गिअर ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी ओलावा कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते. तसं असेल तर गाडी जागची हलवू नका.

मग बॉनेट उघडा. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग बाहेर काढून बघा. गाडी सपाट जागेवर हवी, नाहीतर पट्टी खोटं सांगते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्या वर कधीही भरू नका. जास्तीच्या ऑइलनं सीलवर ताण येतो. डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यानं घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर. म्हणजे त्यात पाणी मिसळतंय.

रेडिएटरचं पाणी, ब्रेक ऑइलची डबी आणि फॅन बेल्ट हे तिन्ही एका नजरेत होतं. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला की साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. बेल्टची आतली बाजू उलटी करून भेगा बघा, वरून तो नेहमी चांगलाच दिसतो.

टायरला हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकणं ही चांगली सवय आहे, पण हवेचा गेज जवळ ठेवाच. हवा थंड टायरमध्ये मोजायची. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. तो दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत मिळतो. जुने टायर विकत घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. ३२२१ असेल तर तो २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. वरची नक्षी कितीही चांगली असली तरी रबर म्हातारं झालं की भरल्या गाडीखाली फुटतं.

महिन्यातून एकदा गाडीखाली जायचं

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा, नसेल तर लाकडाचे जाड ठोकळे लावा, आणि जी चाकं जमिनीवर आहेत त्यांच्या पुढेमागे दगड अडकवा.

ग्रीसिंगचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच राहून जातं. निप्पलवरची (ग्रीस भरायच्या टोकावरची) माती आधी फडक्यानं पुसा, नाहीतर तीच माती ग्रीसबरोबर आत जाते. मग जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारा. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांच्या) शॅकल पिना, प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, शाफ्टचा सरकता भाग आणि पुढच्या बाजूचे जॉइंट, यातलं तुमच्या गाडीत जिथे निप्पल दिलंय ती एकही जागा सोडायची नाही. एखादं निप्पल ग्रीस घेत नसेल तर ते बदला. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. तिच्यामुळे कोरडा राहिलेला क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो. पावसाळ्यात हे काम महिन्यातून दोनदा करा, कारण चिखलपाणी ग्रीस धुऊन नेतं.

पाटे बघताना एक पाटा दुसऱ्यावरून सरकलाय का, हे आधी बघायचं. मधला सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल किंचित मागेपुढे होतो आणि मागून बघणाऱ्याला गाडी तिरकी चालताना दिसते. पाट्यांचं काम करून आणलं असेल तर साधारण ५०० किलोमीटरनंतर पाटे अॅक्सलला धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे बसतात, तसे बोल्ट ढिले पडतात.

एअर फिल्टरला हवा मारायची ती आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतून बसते. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट बघत बसू नका, फिल्टर उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. फिल्टरपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळीची क्लिपही बघा. नळी फाटकी असेल तर फिल्टर कितीही नवा असला तरी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन वेळेआधी बोअरला येतं.

डिझेल फिल्टरच्या खालचा पाण्याचा स्क्रू ढिला करून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करायचा. काम पाच मिनिटांचं आहे.

सेल्फ मारला, गाडी सुरू होत नाही

इथे लोकांचा सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. इंजिन फिरतच नाही, ही एक. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, ही दुसरी. पहिली तक्रार बॅटरी, वायर आणि सेल्फची. दुसरी बहुतेक वेळा डिझेलची.

इंजिन फिरत नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाले आणि नुसतं टिक-टिक वाजलं, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला पकड नाही. लाइट लख्ख राहिले आणि काहीच झालं नाही, तर सेल्फपर्यंत करंट पोचत नाही: चावीचा स्विच, रिले किंवा सेल्फवरच्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) बारीक वायर. मल्टिमीटर असेल तर फारच सोपं. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. सेल्फ फिरत असताना आकडा १०च्या खाली घसरला तर बॅटरी थकलीय. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तेवढं नसेल तर डायनामो चार्ज करत नाही, आणि नवी बॅटरी आणली तरी ती दोन-चार दिवसांत उतरेल.

अर्थिंग मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी गंजलीय. पट्टी काढा, बोल्टची जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, परत आवळा. कित्येकदा एवढ्यानंच ‘खराब झालेला’ सेल्फ बरा होतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा आणि नंतर व्हॅसलीन लावा. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

आता दुसरी तक्रार. इंजिन जोमात फिरतंय, पण पेटत नाही.

त्याआधी तुमच्या गाडीत पंप कोणता आहे ते ओळखा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. पंपातून चार वेगळ्या लोखंडी नळ्या थेट चार इंजेक्टरला जात असतील तर तो जुना मेकॅनिकल पंप. पंपातून एक नळी एका जाड दांड्याला जात असेल, दांड्यातून इंजेक्टरच्या नळ्या निघत असतील आणि इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचे प्लग असतील तर ती कॉमन रेल गाडी. कॉमन रेलच्या इंजेक्टरची नळी सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू असताना कधीही ढिली करू नका. त्यात हजार बारच्या वर दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. अशा गाडीला फिल्टर, पाणी आणि फ्यूज एवढंच घरी बघा, पुढचं काम स्कॅनर असलेल्या मिस्त्रीचं.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चावी ऑन केल्यावर पंपाच्या सोलेनॉइडचा (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेचा) ‘टक्’ आवाज येतो का, ते कान लावून ऐका. आवाज नसेल तर फ्यूज आणि सोलेनॉइडची वायर तपासा. उंदरांनी वायर कुरतडणं आमच्याकडे भात मळणीनंतर ठरलेलंच असतं. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. तार गुंडाळून काम भागवलं की पुढच्या वेळी वायरिंग जळतं.

सोलेनॉइड ठीक असेल तर हवा काढून बघा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला करा आणि हँड प्रायमर (डिझेल ढकलणारा हातपंप) मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार आली की प्रायमर दाबलेलाच ठेवून स्क्रू आवळा. हेच पंपावरच्या स्क्रूला करा. तरीही गाडी पेट घेत नसेल तर इंजेक्टरकडचे नट अर्धा वेढा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडू लागलं की एकेक आवळत जा. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांच्या वर नको, आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल.

पण हवा काढून गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. हवा आली कुठून, ते शोधायचंच राहिलंय. यात मी स्वतः मोठा फटका खाल्लाय.

माझी गाडी संध्याकाळी अर्ध्या सेल्फवर सुरू व्हायची आणि सकाळी मात्र बॅटरी उतरेपर्यंत फिरवावी लागायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, पंप गेला. पंप उतरवला, ओव्हरहॉल केला, हंगामातले चार दिवस आणि बरेच पैसे गेले. पाचव्या सकाळी पुन्हा तेच. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला एकच प्रश्न विचारला: “गाडी रात्री चढाला तोंड करून लावतोस का?” लावत होतो. आमच्या अंगणाला उतारच आहे. त्यांनी हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली, फिल्टरकडे येणाऱ्या डिझेलच्या नळीत मध्ये जोडली आणि गाडी सुरू केली. नळीतून डिझेल चाललं होतं आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. तिथून मागे मागे टाकीपर्यंत नळी चाचपत गेलो. टाकीजवळ क्लिपच्या खाली रबर उकललं होतं, केसाएवढी चीर. थेंब पडत नव्हता, कारण तिथे डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत ओढली जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरायची आणि नळीतलं डिझेल उताराच्या बाजूला, टाकीत परत जायचं. दिवसा गाडी चालू-बंद होत असल्यामुळे काही कळायचं नाही. दीड फूट डिझेलची नळी आणि दोन क्लिपा बदलल्या, आणि तो त्रास परत झाला नाही.

तेव्हापासून सांगतो: सकाळी त्रास आणि दिवसा ठीक, अशी तक्रार असेल तर पंपाला हात लावण्याआधी पारदर्शक नळी लावून बघा.

गाडी हीट झाली तर

काटा वर चढू लागला की गाडी कडेला घ्या. फॅन बेल्ट शाबूत असेल आणि वाफ येत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं संथ चालू द्या म्हणजे पाणी फिरत राहतं. बेल्ट तुटला असेल किंवा वाफेचा लोट असेल तर लगेच बंद. रेडिएटरचं झाकण उघडायची घाई जन्मात करू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण ढिलं होताच उकळून तोंडावर येतं. पाऊण तास थांबा. वरची होज हातानं दाबून बघा, मऊ लागली आणि हात टिकला तर झाकणावर जाड ओलं फडकं टाकून आधी अर्धा वेढा फिरवा, दाब जाऊ द्या. पाणी घालायचं ते हळूहळू, इंजिन संथ चालू ठेवून. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं की हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जातो.

नंतर कारण शोधताना स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा. बेल्ट, होज, क्लिपा, मग झाकणाचं रबर. त्यानंतर रेडिएटरच्या जाळ्या. शेतात जाणाऱ्या गाडीच्या जाळ्या भुसा, किडे आणि चिखलानं लिंपलेल्या असतात. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा, कमी दाबानं, नाहीतर पत्रे वाकतात. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून पाणी झिरपत असेल तर पंपाचं सील गेलंय.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि थंड इंजिन लवकर झिजतं. अडकला असेल तर नवा टाका. तपासायची रीत सोपी: भांड्यात पाणी घेऊन त्यात तो दोरीनं लोंबकळत सोडा, पाणी गरम करा. उकळायच्या आत उघडला पाहिजे.

झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर साचत असेल आणि पाणी कुठेही न गळता कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर (हेडखालच्या सीलवर) संशय घ्या. त्या अवस्थेत भाडं घेऊ नका. आज गॅस्केटचं काम आहे, ओढत राहिलात तर हेडचं होईल.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी: आधी एअर फिल्टर, मग टर्बोची नळी, मग इंजेक्टर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ चालतो. गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर वरचा हेड गॅस्केटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

ब्रेक, आणि घाट

पेडल स्पंजसारखं लागतं: लाइनमध्ये हवा. पाय ठेवल्यावर पेडल सावकाश खाली जातं: मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइल ढकलणारा भाग). गाडी एका बाजूला ओढते: एक कॅलिपर अडकलाय किंवा एका चाकाच्या लायनरवर तेल आलंय. पेडल दगडासारखं कडक झालं: ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम (हवेची पोकळी) मिळत नाही.

शेवटची तक्रार डिझेल गाडीत खास बघावी लागते. व्हॅक्यूमचा पंप अनेक जुन्या पिकअपमध्ये डायनामोच्या मागेच असतो, त्यामुळे डायनामोचं काम करून आणल्यावर ब्रेक कडक झाला तर तिथली नळी नीट बसलीय का ते बघा. बूस्टर (त्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) तपासायचा तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, नुसती डबी भरू नका. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरा. पाणी शोषलेलं ऑइल लांब उतारावर उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल सरळ फळीला टेकतं. माळशेज असो की कसारा, भरल्या गाडीनं उतरायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे आजही दिसतात. त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, आणि इंजिन बंद असेल तर तीन-चार वेळा पेडल दाबल्यावर व्हॅक्यूमही संपतो.

आवाज

क्लच सोडताना मागून ‘टक्’ येतो: शाफ्टचा क्रॉस. वेग वाढला की मागून घोंघावतं आणि वळणावर आवाज बदलतो: चाकाचं बेअरिंग. फक्त रेस देताना मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगमधून रडल्यासारखा सूर येतो: आधी हाऊसिंगचं ऑइल बघा. क्लच दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते: रिलीज बेअरिंग.

कागद आणि वही

गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेसची तपासणी दर वर्षी करावी लागते. त्या तारखेच्या महिनाभर आधी दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि रिफ्लेक्टर टेप बघून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी धावपळ होत नाही. साधी दोनशे पानी वही गाडीत ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती ऑइल वरून घातलं. हजार किलोमीटरला ऑइल किती लागतं हा आकडा एकदा कळला, की तो वाढायला लागला की इंजिनच्या पोटात काय चाललंय ते आपोआप कळतं.

सीटमागे काय असावं

१०-११ पासून १८-१९ पर्यंतचे पाने, रिंग पाने, पकड, दोन पेचकस, जॅक, टॉमी, चाकाचा पाना आणि हवा असलेली स्टेपनी. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा मोजा, बाहेर काढली तेव्हाच बसलेली निघते. चाक बदलल्यावर नट समोरासमोर आवळा आणि ५०-१०० किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळून घ्या. शिवाय जुना पण चांगला फॅन बेल्ट, वरची होज, डिझेल फिल्टर, फ्यूजचा संच, पाच लिटर पाणी, एक लिटर इंजिन ऑइल, टेस्ट लॅम्प, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि दोन त्रिकोणी रिफ्लेक्टर. आणि हातभर पारदर्शक नळी, दोन क्लिपांसकट.